कवळीवाल्या काकांची मोटारसायकल

मोटारसायकल घरी आली ती हातगाडीवर आडवी पडून. चाकं फिरत नव्हती, ब्रेक गंजून आवळून बसले होते, म्हणून छापखानेवाल्याने कागदाची रिळं वाहायची आपली हातगाडी दिली आणि सोबत दोन हमाल दिले. हमालांनी ती मागच्या अंगणात उतरवली, भिंतीला टेकवली, आणि त्यातला एकजण घाम पुसत म्हणाला, "आजोबा, भंगारवाला पलीकडच्या गल्लीत बसतो. पत्ता चुकला नाही ना?"

काकांनी मान हलवली. ते तसंही फार बोलत नसत.

सगळे त्यांना कवळीवाले काका म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी दातांच्या कवळ्या करण्यात घालवला होता. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीला लागून लाकडी बाक, बाकावर गॅसची बारीक शेगडी, मेणाच्या पट्ट्या आणि प्लास्टरने पांढरा पडलेला रबरी वाडगा. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेत आणि तो मागे पाठवीत. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा काढीत, जबड्यावर मेण बसवीत, मेणात एकेक दात लावीत, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवीत, आणि शेवटी फिरत्या चाकावर झिलई देऊन कवळी पुढे पाठवीत. ज्याच्या तोंडात ती जाई त्याला काका कधी दिसत नसत. काकांना मात्र तो दिसे. बाजारात, बसथांब्यावर कुणी तोंडभर हसलं की त्यांची नजर आधी दातांवर जाई. आपलं काम ओळखू येई. वरचा सुळा जरा पुढे घेतला होता ते बरं झालं, असं मनात म्हणून ते खाली मान घालून चालू लागत. ओळख दाखवायची तर काय सांगून दाखवायची? तुमचे दात माझे आहेत म्हणून?

आधी थोरले डॉक्टर होते, आता त्यांची मुलगी दवाखाना चालवत होती. लहानपणी ती त्याच बाकाखाली बसून मेणाचे घोडे करायची. पेशंटसमोर काका तिला डॉक्टरबाई म्हणत आणि एरवी बेटा.

तर या डॉक्टरबाईकडे एक कवळी परत आली. एका बाईंची होती. बोलायला लागल्या की ती सुटून जिभेवर यायची. थोड्या दिवसांनी दुसरी परत आली, एका शिक्षकांची. त्यांना चावताना दुखत होतं. कवळी परत येणं काकांना माहीत नव्हतं असं नाही, पण पाठोपाठ दोन कधी आल्या नव्हत्या. आणि अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप बशीवर वाजायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कप सगळ्यांना ऐकू येत होता.

डॉक्टरबाईने मोठ्या मायेने विषय काढला, आणि त्या मायेनेच काकांना जास्त लागलं.

"काका, थोडे दिवस घरी आराम करा. बाक कुठे पळून जात नाही."

"बरं."

"एक मुलगी आहे, हेच काम शिकून आलेली. तुम्हाला आता जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी तिला बोलावते. घाई नाही."

घाई नाही याचा अर्थ काकांना कळला. त्यांनी आपल्या कानशी, मेणाच्या सुऱ्या आणि झिलईचं सामान पिशवीत भरलं आणि घरी आले.

घरी बसवेना. छापखानेवाला ओळखीचा होता, त्याच्याकडे ते उगाच जाऊन बसू लागले. एकदा गोदामात कागदाच्या कात्रणांच्या ढिगाखालून एक हँडल वर आलेलं त्यांना दिसलं. ढीग बाजूला केला तर खाली मोटारसायकल. एका सिलिंडरची, टाकीच्या कडेला हाताने बदलायचा गियर असलेली, फार जुनी. छापखानेवाल्याच्या वडिलांनी ती हौसेने घेतली होती. ते गेले आणि तिच्यावर कात्रणं पडत गेली. मोटारसायकलचं वेड काकांना तरुणपणीही नव्हतं. पण उकिडवे बसून त्यांनी इंजिन पाहिलं, एकमेकांत नेमके बसायला हवेत असे ते लहानलहान भाग पाहिले, आणि म्हणाले, "देतोस का?" छापखानेवाल्याला जागा मोकळी हवीच होती. व्यवहार तिथल्या तिथे झाला.

काकू मागच्या दारात उभ्या राहून नव्या पाहुणीकडे बघत होत्या. "आता कपडे कुठे वाळत घालू?" एवढंच त्या आधी म्हणाल्या. मग जवळ आल्या. "अहो, पण हे काय मधेच?"

काकांनी हँडलवरची धूळ बोटाने पुसली. "ही चालू केली तर बाकावर परत जाईन. नाही झाली तर डॉक्टरबाईला सांगीन, त्या मुलीला बोलाव म्हणून."

"असं कुणी ठरवलं?"

"मीच."

"आणि हिला ठाऊक आहे का? एवढं ओझं तिच्या डोक्यावर टाकलंत ते?"

काकांना हसू आलं, पण त्यांनी ठरवलेलं बदललं नाही. हात गेलाय की नाही, हे त्यांना कुणाच्या मायेतून ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. जुन्या पातेल्यात, डब्यांच्या झाकणांत, चिनी मातीच्या फुटक्या बश्यांत मोटारसायकल हळूहळू वाटून ठेवली गेली. टाकीतून गंजाचा भुगा निघाला, काकांनी आत मूठभर बारीक खडी आणि रॉकेल घालून टाकी मांडीवर घेऊन इतकी हलवली की काकू म्हणाल्या, "रडत नाहीये ती, झोपली असेल." कार्बोरेटरमधून पेट्रोल जायचं बारीक भोक मातीने बुजलं होतं; ते काकांनी मेण काढायच्या सुईने मोकळं केलं. ठिणगी पाडणाऱ्या दोन लहान चकत्या काळ्या पडल्या होत्या. त्यांना दातांच्या फटीत फिरवायची नाजूक कानस पुरली. अशा कामात त्यांचा हात थरथरला तरी ते थांबत, कोपर गुडघ्यावर टेकवत आणि पुन्हा सुरू करत.

शेजारचे ड्रायव्हरसाहेब रोज सकाळी मधल्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी आयुष्यभर शहरातली बस चालवली होती, आणि त्यांच्या तोंडात काकांनीच केलेली वरखालची कवळी होती.

"काका, मी सांगू? ओढून पाहा."

"काय ओढून?"

"काहीतरी. आमची बस बंद पडली की आम्ही कुठलीतरी वायर ओढायचो."

"मग चालू व्हायची?"

"नाही. पण लोकांना बरं वाटायचं."

काकूंनी आतून हाक दिली, "ड्रायव्हरभावजी, यांना कामाला लावू नका, हे आधीच लागलेत."

"मी कुठे लावतो वहिनी? आणि यांच्यावर ओरडायचीसुद्धा सोय नाही. दात यांचेच, ओरडले तरी यांच्याच बाजूने ओरडतील."

खरं घोडं अडलं ते पिस्टनपाशी. तो सिलिंडरच्या आत गंजून घट्ट बसला होता. काकांनी प्लगच्या भोकातून आत तेल आणि रॉकेल सोडलं आणि वाट पाहत राहिले. घाई करायची नाही हे त्यांना येत होतं. रोज सकाळी ते किकवर हलकाच भार देत, आणि रोज ती दगडासारखी उभी राही. एका सकाळी ती बोटभर खाली गेली. काकांनी इकडे तिकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेब पेपर वाचत होते. काकांनी पुन्हा भार दिला. पुन्हा बोटभर.

सिलिंडर उतरवला तेव्हा पिस्टनभोवतीच्या रिंगा तुटलेल्या निघाल्या. आतल्या गोल भिंतीवर गंजाचे डाग होते, पण खोल खड्डे नव्हते. रिंगा एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मापाच्या जवळपासच्या मिळाल्या. काकांनी त्यांची टोकं कानशीने घासून त्या बरोबर बसवल्या. इथे त्यांचा हात चालला, आणि चालतोय हे त्यांना कळलं. त्या दुपारी त्यांनी जेवताना काकूंना वाफ्यातल्या झाडांबद्दल काहीतरी विचारलं, म्हणजे मन ताळ्यावर होतं.

मग राहिला सिलिंडरचा आतला भाग. काकांनी त्यातून बोट फिरवलं. खरखरीत लागलं. गंज निघाला होता, पण नख अडत होतं. त्यांनी झिलईचं सामान काढलं. आधी पाण्यात कालवलेली भुकटी, मग बारीक भुकटी, मग लोकरीच्या नमद्याची गुंडाळी, शेवटी पांढरी पेस्ट. ते घासत राहिले. बोट फिरवून पाहिलं की कुठेतरी काहीतरी शिल्लक वाटायचं. हाताचा भरवसा नव्हता म्हणून पुन्हा घासायचं, घासल्यावर पुन्हा भरवसा नाही. काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवून गेल्या, थंड चहाचा कप घेऊन परत गेल्या. काम संपलं तेव्हा सिलिंडर उजेडाकडे धरून काकांनी आत पाहिलं. गोल भिंतीत त्यांचा स्वतःचा डोळा लांबडा होऊन दिसत होता. इतकी झिलई त्यांनी कुठल्या कवळीलाही दिली नसेल.

ड्रायव्हरसाहेब भिंतीवरून वाकले. "काका, यात तोंड बघून दाढी करता येईल."

काका लाजले. खूशही झाले असावेत.

मोटारसायकल जोडून झाली, चाकं आणि ब्रेक मोकळे झाले, पेट्रोल घातलं, आणि एका स्वच्छ सकाळी काकांनी किक मारली. पहिल्या काही किकांना ती नुसती खोकली. मग एकदम धरली. अंगण दणाणलं, खुर्चीवर वाळत घातलेली चादर हलली, काकू दोन्ही कानांवर हात ठेवून दारात आल्या आणि ड्रायव्हरसाहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि मग मागून निळा धूर आला. थोडाथोडका नाही, भिंत दिसेना, चादर दिसेना, धुरातून ड्रायव्हरसाहेबांचा नुसता आवाज आला, "वहिनी, तुम्ही आहात ना तिथे?" इंजिन धापा टाकू लागलं, एकदा दोनदा उचक्या दिल्या आणि बंद पडलं. काकांनी प्लग काढला. तो तेलाने चिंब होता.

"तेल जळतंय," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "निळा धूर म्हणजे तेल. एवढं आम्हालाही कळायचं."

"थोडा वेळ लागेल तिला," काका म्हणाले.

पण वेळ देऊन उपयोग झाला नाही. प्लग पुसून चालू करावी, धूर यावा, बंद पडावी. रोज तेच. रिंगा तर त्यांनी नीट बसवल्या होत्या; की तसं त्यांना फक्त वाटलं होतं? आपल्या बोटांना लागणारं माप खरं आहे की नाही, हेच तर पाहायचं होतं. पाहून झालं. काकांनी सिलिंडर पुन्हा उतरवला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना पेपर पसरून त्यावर ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिले.

काकू नळाखाली भांडी घासत होत्या. जेवण झालं होतं, म्हणून सवयीप्रमाणे त्यांनी कवळी काढून धुवायला घेतली. ती काकांनीच केली होती, त्याला बरीच वर्षं झाली होती.

"उद्या दवाखान्यात जातो," काका म्हणाले. "सांगून टाकतो."

काकू दाताशिवाय काहीतरी बोलल्या. ते समजलं नाही, पण मनाई आहे एवढं समजलं. ओली कवळी त्यांनी हात पुसायला टेबलावर ठेवली, आतली बाजू वर करून, सिलिंडरच्या अगदी शेजारी.

काका तिच्याकडे बघत होते. बाहेरून कवळी अजून चकचकीत होती. आतली बाजू, हिरडीवर बसणारी, मंद होती, बारीक दाणेदार, साच्यात हिरडीच्या जशा सुरकुत्या उतरल्या होत्या तशाच्या तशा. त्या बाजूवर पाणी सरकून गेलं नव्हतं. पातळ थर धरून राहिलं होतं. आतली बाजू घासायची नाही, हे थोरल्या डॉक्टरांनी त्यांना अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. तिथे झिलई दिली की माप बिघडतं, लाळेचा थर धरून राहत नाही, आणि कवळी सुटते. हे काकांना स्वतःच्या नावासारखं पाठ होतं.

त्यांनी सिलिंडरमध्ये तेलाचं बोट फिरवलं. तेल काचेवरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बाजूला झालं.

"अगं," काका म्हणाले.

काकूंनी कवळी तोंडात घातली. "काय?"

"हेसुद्धा घासायचं नव्हतं. रिंगांना धरायला काही ठेवलंच नाही मी. खरखरीत लागतं म्हणून सगळं पुसून काढलं."

"माझे दात बघून कळलं होय हे?"

"हो."

"मग आजवर काय बघत होतात?"

काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होते, आणि चेहऱ्यावरून तो विचार सुखाचा दिसत नव्हता.

सिलिंडर पुन्हा खरखरीत करायला नाजूक हात लागला नाही. लाटण्यासारख्या गोल दांडक्याला त्यांनी काचकागद गुंडाळला, तेलात बुडवला, आणि आत पिळत वर, पिळत खाली असा फिरवला, म्हणजे ओरखडे तिरपे आणि एकमेकांना छेदणारे पडतील. हात थरथरत होता, तरी काही बिघडलं नाही. आरसा गेला. भिंत राखाडी आणि जाळीदार झाली. तेलाचं बोट फिरवलं तर तेल जिथल्या तिथे राहिलं. इंजिन जोडून चालू केलं तेव्हा धूर आला, पण आधीसारखा भिंत गिळणारा नाही. गल्लीला एक फेरी मारून येईपर्यंत तो विरळ झाला आणि प्लग काढून पाहिला तर कोरडा होता. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "काका, सुटलात." काका म्हणाले, "बघू."

ते मोटारसायकलवरूनच दवाखान्यात गेले. रिंगा नव्या होत्या, त्यांची सिलिंडरच्या भिंतीशी सलगी व्हायला हवी होती, म्हणून गाडी अगदी सावकाश चालवावी लागत होती. डॉक्टरबाई आवाज ऐकून दारात आली.

"काका! ही तुम्ही केलीत?"

"बेटा, त्या परत आलेल्या कवळ्या आहेत का? फेकल्या नाहीस ना?"

तिने त्या कपाटातून काढून आणल्या, सोबत ज्यांच्यावर त्या केल्या होत्या ते प्लास्टरचे जबडेही. काका आपल्या खोलीत गेले. बाकाला कुणाचा हात लागलेला नव्हता. खिडकीपाशी धरून त्यांनी पहिली कवळी उलटी केली, ती बोलताना सुटणारी. आतली बाजू चमकत होती.

"ही मी आतून घासली आहे."

"तुम्ही? आतून?"

"हात थरथरायला लागला तेव्हा भीती वाटायला लागली. कुठे टोक राहिलं असेल, कुणाच्या हिरडीला लागेल. म्हणून पुसत गेलो. केव्हा आत गेलो ते कळलं नाही."

डॉक्टरबाईच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला लागला. "म्हणजे हाताचं नाहीच ते! काका, मग तर..."

"थांब."

त्यांनी शिक्षकांची कवळी उचलली. तिची आतली बाजू मंद होती, जशी असायला हवी तशी. त्यांनी ती जबड्यावर बसवली, वरचा जबडा खाली टेकवला आणि बाजूने पाहिलं. डावीकडच्या दाढा आधी टेकत होत्या. उजवीकडे केस जाईल एवढी फट राहत होती. त्यांनी पुन्हा टेकवलं. फट तशीच होती.

"ही हाताची," काका म्हणाले.

"इतकं काय, ते मी पेशंटच्या तोंडात जरा घासून..."

"दात लावताना हात हलला बेटा. पुन्हा हलेल."

तिने वाकून ती फट स्वतः पाहिली. बाहेर वेटिंगमध्ये कुणीतरी खोकलं. काकांनी दोन्ही कवळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण आता अर्ध्यावर सोडणं बरं नव्हतं.

"त्या मुलीला बोलाव. मेणात दात ती लावेल. साचे, प्लास्टर, शिजवणं माझ्याकडे राहू दे. आणि झिलईचं चाकही तिच्याकडे दे, माझा हात फार तिकडे जातो."

"ती शिकलेली आहे काका. तिला वाटेल सगळंच आपण करावं."

"मग तिला बाकाची खिडकीकडची बाजू दे. दात लावायला उजेड लागतो."

डॉक्टरबाईने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि एकदा काकांकडे. "तुम्ही सोमवारपासून येता?"

"येतो. गाडी हळू चालवायची आहे, म्हणून जरा उशीर होईल."

घरी काकू दारातच उभ्या होत्या. मोटारसायकल बंद करायच्या आत त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"अर्धा बाक मिळाला."

"आणि उरलेला अर्धा?"

"ती मुलगी बसेल."

काकूंनी थोडा विचार केला. "म्हणजे तुम्हाला दिवसभर कुणाशी तरी बोलावं लागणार."

"लागेल थोडं."

"बिचारी," काकू म्हणाल्या. मग पदर खोचून त्या मागच्या सीटवर बसल्या, काकांनी बस म्हणायची वाट न बघता. "चला, मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन आणा. एवढे दिवस कपडे दोरीऐवजी खुर्च्यांवर वाळवलेत मी."

काकांनी किक मारली. रस्त्यावर भाजीवाले, सायकली, शाळा सुटलेली पोरं, सगळे त्यांच्या पुढे जात होते. एका सायकलवाल्याने शेजारून जाताना मान वळवली आणि ओरडला, "आजोबा, उतरून ढकलत न्या! लवकर पोचाल!"

"तू हो पुढे," काकू मागून ओरडल्या, "आणि रस्ता मोकळा करून ठेव!"